खुर्चीवरचा नॅपकिन

बुफे हॉटेलात टिप द्यायची तरी कोणाला, असा प्रश्न ज्याला पडतो त्यानं आक्काकडे कधी पाहिलेलं नसतं. त्यात त्याचा दोष नाही. आक्काची सगळी कर्तबगारीच न दिसण्यात होती. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा भात आणायला उठलं की मागे त्याची खरकटी प्लेट नाहीशी व्हायची, टेबलावरचा डाग पुसला जायचा, ग्लासात पाणी यायचं. गिऱ्हाईक परत येऊन खुर्चीत बसायचं आणि बायकोला म्हणायचं, "बरं आहे ना इथं? कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. आपला हात जगन्नाथ." आक्का दोन टेबलं सोडून उभी असायची आणि गालातल्या गालात हसायची.

या धंद्यात सगळ्यात अवघड काय, तर गिऱ्हाईक गेलं की नुसतंच उठलं हे ओळखणं. साध्या हॉटेलात माणूस एकदा बसला की बिल येईपर्यंत हलत नाही. इथं तो घडीघडी उठून चालू लागतो. रिकामं टेबल बघून उचलावं, तर हा सूपचा वाडगा घेऊन समोर हजर. न उचलावं, तर दारात पुढची माणसं ताटकळलेली. म्हणून आक्कानं आणि तिच्या जोडीदारणीनं आपल्यापुरता एक कायदा केला होता. नॅपकिन खुर्चीवर ठेवला असेल तर माणूस परत येणार. नॅपकिन प्लेटवर टाकला असेल तर गेला. आणि ग्लासखाली नोट असेल तर विचारायलाच नको, ती टिप. टेबल जी उचलेल तिची. आधी नोट एप्रनच्या खिशात आणि मग प्लेटा, कारण ओल्या खरकट्या हातानं नोट धरली की तिचा लगदा होतो. हा कायदा आक्काच्या इतका अंगवळणी पडला होता की घरी जेवताना मिठाला उठली तरी ती हात पुसायचं फडकं खुर्चीवर टाकून उठायची. लेक हसायची. "आई, इथं तुझं ताट कोण पळवतंय?"

जोडीदारणीला सगळे चिमणी म्हणत. अंगानं एवढीशी, तोंड मात्र अखंड चालू. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती ती एकटीच, पण रडगाणं गाताना तिला कोणी ऐकलं नव्हतं. आक्काचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघींनी मिळून त्या हॉलमधली किती टेबलं उचलली असतील याचा हिशेब देवच जाणे.

तर अशी ही आक्का एका खोट्यात सापडली, आणि ते खोटं तिचं स्वतःचंसुद्धा नव्हतं.

लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, सालस, बोलायला जरा लाजाळू. त्याच्या घरी पहिल्यांदा चहाला गेल्यावर त्याच्या आईनं सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" आक्का तोंड उघडणार तोच लेक म्हणाली, "आई हॉटेलात असते. मॅनेजमेंट बघते." आक्कानं चहाचा घोट गिळला आणि त्याच्याबरोबर पुढचं सगळं गिळलं.

घरी आल्यावर तिनं लेकीला धारेवर धरलं. "लाज वाटते माझी?"

"तुझी नाही गं वाटत. ते काय म्हणतील त्याची भीती वाटते."

"एकूण एकच झालं."

"आई, लग्न होऊ दे. मग मीच सांगते. तोपर्यंत फक्त गप्प राहा."

आक्का गप्प राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं मनाला समजावलं. पोरीला एकटीनं वाढवलेलं, शिकवलेलं. आता ऐन वेळी आपणच पायात पाय घालून पाडायची का तिला? पण मूठ झाकायची म्हणजे ती सदा आवळून धरावी लागते, आणि आवळलेल्या मुठीनं काही हातात घेता येत नाही, हे तिला पुढे कळलं.

होणारे व्याही टायरच्या दुकानाचे मालक. आवाज मोठा, मन मोकळं, आणि फुकट काही मिळालं की लहान मुलासारखे खुलणारे. कोणा गिऱ्हाइकानं त्यांना बुफेची कुपनं दिली होती. त्यांनी फोन केला, "रविवारी दुपारी सगळे मिळून जेवू. लग्नाची तारीख तिथंच पक्की करू." हॉटेल कोणतं, तर नेमकं तेच. लेकीनं पोटदुखीपासून पाहुण्यांपर्यंत सगळी निमित्तं काढून पाहिली. पण व्याह्यांच्या उत्साहापुढे कोणाचं काय चालणार?

त्यातल्या त्यात नशीब एवढंच की त्या रविवारी नेहमीचे मॅनेजर रजेवर होते. त्यांच्या जागी दुसऱ्या शाखेतून एक जण आला होता. तो आक्काला ओळखत नव्हता. आक्कानं सुट्टी घेतली, आतल्या माणसांना हातापाया पडून गप्प केलं, आणि चिमणीला बजावलं, "आमच्या टेबलाकडे फिरकू नकोस. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस."

"बघतेय कशाला? तू काय नवरी आहेस?" चिमणी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पोरीचं होऊ दे बाई नीट."

रविवारी आक्का स्वतःच्याच हॉलमध्ये पाहुणी म्हणून शिरली. व्याह्यांनी खिडकीजवळचं टेबल धरलं. ते चिमणीकडचंच होतं. आक्का स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसली. खुर्ची एवढी मऊ आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिथं ती कधी बसलीच नव्हती.

खाण्यात तिचं लक्ष नव्हतं. कान मागे होते. कुठं चमचा पडला की तिचे खांदे उचलले जायचे. होणाऱ्या विहीणबाईंनी सूपचा रिकामा वाडगा बाजूला सरकवला, तर आक्काचा हात आपोआप तिकडे गेला. टेबलाखाली लेकीनं पायावर पाय दिला. आक्कानं तो हात तसाच पुढे नेऊन पाण्याचा ग्लास उचलला आणि तहान नसताना पाणी प्यायली.

भात आणायला उठताना तिनं सवयीनं नॅपकिन खुर्चीवर ठेवला.

"हे काय हो?" विहीणबाई कुतूहलानं म्हणाल्या. "नॅपकिन खुर्चीवर का?"

आक्कानं नॅपकिनची घडी उगाच सारखी केली. "असंच. खाली पडतो ना," ती म्हणाली. विहीणबाईंनी मान हलवली, पण नजर नॅपकिनवरून लगेच हलली नाही. साध्या दिसणाऱ्या त्या बाईचं लक्ष बारीक होतं. पुन्हा काही झालं तरी नॅपकिन खुर्चीवर ठेवायचा नाही, असं आक्कानं ठरवलं.

जेवण उरकत आल्यावर टिपेचा विषय निघाला, आणि तो काढला मुलानं. बिचारा तेवढं बोलला आणि पस्तावला.

"बाबा, टिप ठेवायला हवी ना?"

"कसली टिप?" व्याही म्हणाले. "रांगेत उभा मी राहिलो. वाढून मी घेतलं. परत चालत मी आलो. टिप द्यायचीच तर मला द्या."

मुलगा हसला. लेकही हसली, जरा जास्तच. विहीणबाई हसल्या नाहीत. "आणि तुमची मघाची प्लेट कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कोणती प्लेट?"

"तेच विचारतेय. तीन वेळा वाढून घेतलंत, प्लेट समोर एकच आहे. बाकीच्या काय तुम्ही खाल्ल्यात?"

आक्कानं मान खाली घातली. टेबलाकडे फिरकू नकोस असं सांगूनही चिमणी दोनदा येऊन गेली होती, आणि ते आक्काशिवाय कोणाला कळलंही नव्हतं. तिला एकदम चिमणीचा अभिमान वाटला, आणि लगेच लाज वाटली, कारण तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

"तुम्ही तर या धंद्यातल्या," व्याही आक्काकडे वळले. "तुम्हीच सांगा. बुफेत टिप द्यायची असते का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. लेकीचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळला गेला.

"ज्याची त्याची मर्जी," आक्का म्हणाली.

"बघा! मर्जी म्हणजे सक्ती नाही." पण विहीणबाईंचा चेहरा बघून व्याह्यांनी पाकीट काढलं. आत एकच मोठी नोट होती. "सुटे नाहीत. जाताना मोडून घेऊ आणि देऊ काहीतरी," असं म्हणत त्यांनी ती, विसरू नये म्हणून, ग्लासखाली सरकवली. तेवढ्यात मुलानं सांगितलं की आइस्क्रीमचं नवं भांडं आलंय. व्याही लगबगीनं उठले, नॅपकिन प्लेटवर टाकला, आणि नोट तिथंच विसरले. त्यांचं बघून लेकीनं टाकला, मुलानं टाकला. विहीणबाईंनी आक्काचा हात धरला, "चला, तुम्हीही चला." आक्काचा नॅपकिन खुर्चीच्या दिशेनं निघालाच होता. विहीणबाई बघत होत्या. तिनं तो प्लेटवर टाकला.

आइस्क्रीमच्या रांगेत उभं असताना आक्काला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय चुकलं ते मात्र लक्षात येईना. मागून व्याह्यांचा आवाज आला तेव्हा ते लक्षात आलं.

"ओ बाई! काय चाललंय?"

व्याही सगळ्यांच्या आधी परतले होते. टेबलाशी चिमणी उभी होती. ग्लासखाली काही नव्हतं आणि चिमणीचा हात नुकताच एप्रनच्या खिशातून बाहेर येत होता. प्लेटा अजून टेबलावरच होत्या. आधी नोट, मग प्लेटा.

"टिप, साहेब..." चिमणी म्हणाली.

"टिप? एवढी? आम्ही अजून जेवतोय, आणि तुम्ही सरळ खिशात घालता?"

हॉलमधले चमचे थांबले. नवा मॅनेजर धावत आला. त्यानं चिमणीला खिसा रिकामा करायला सांगितला. नोट निघाली. ती त्यानं दोन हातांनी व्याह्यांना परत दिली आणि तीनतीनदा माफी मागितली.

"आमच्या शाखेत टिप गल्ल्यावरच्या पेटीत टाकतात," तो चिमणीला म्हणाला. "खिशात गेली की तिला टिप म्हणत नाहीत. तिला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. एप्रन काढ."

व्याह्यांचा चेहरा जरा उतरला. एवढं व्हावं असं त्यांच्या मनात नसावं. पण चारचौघांत चढवलेला आवाज खाली आणायला त्यांना जमेना. ते नुसतेच खोकले.

आक्का वितळणारं आइस्क्रीम हातात धरून उभी होती. तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. चिमणीनं बाकीच्यांचे नॅपकिन बघितलेच नसणार. तिनं आक्काचा नॅपकिन बघितला असणार. आक्का परत येणार असती तर तो खुर्चीवर असता. तो प्लेटवर होता, म्हणजे मंडळी गेली, सुटली बाई एकदाची, असं म्हणून तिनं टेबल उचलायला घेतलं. चिमणी चुकली नव्हती. आक्काचं टेबल खोटं बोललं होतं.

चिमणीनं वर बघितलं. सबंध दुपारभरात पहिल्यांदाच दोघींची नजर भिडली. चिमणीनं अगदी थोडी मान हलवली. नको. बोलू नकोस.

आणि मग ती मॅनेजरला म्हणाली, "चुकलं माझं, साहेब." तिचे हात पाठीमागे एप्रनची गाठ सोडू लागले.

इकडे आड, तिकडे विहीर. आक्कानं लेकीकडे बघितलं. लेक पांढरीफटक पडली होती. तिनं चिमणीला ओळखलं होतं. लहानपणी तापानं फणफणली असताना हीच बाई तिच्या उशाशी बसली होती, कारण आक्काला रजा मिळाली नव्हती. लेकीचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. नाही म्हणत होती की बोल म्हणत होती, ते आक्काला कळलं नाही, आणि तिनं समजून घ्यायला वेळही घेतला नाही. गाठ सुटत आली होती.

"थांब," आक्का म्हणाली. "एप्रन काढू नकोस."

सगळे वळले. आक्कानं वाडगा टेबलावर ठेवला.

"हिनं चोरी केलेली नाही. नॅपकिन खुर्चीवर असेल तर माणूस परत येणार, प्लेटवर असेल तर गेला, असं आम्ही समजतो. तुमचे सगळ्यांचे प्लेटवर होते. माझाही होता. वर ग्लासखाली नोट. इथं जी टेबल उचलते तिची टिप. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय."

"आम्ही म्हणजे?" व्याह्यांनी विचारलं.

"आम्ही म्हणजे ही आणि मी. मी मॅनेजमेंट बघत नाही. मी इथं प्लेटा उचलते."

कोणी काही बोलायच्या आत चिमणीच बोलली, अगदी निर्विकार चेहऱ्यानं. "मी नाही ओळखत या मॅडमना, साहेब. त्यांना दया आली असेल माझी."

आक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नोकरी जायची वेळ आली तरी ही बया मैत्रिणीचं खोटं सांभाळत होती! आणि मॅनेजर मान डोलवू लागला होता. "मॅडम, तुम्ही चांगल्या मनाच्या आहात, पण..."

मग आक्कानं पुढे होऊन टेबलावरच्या प्लेटा उचलल्या. व्याह्यांची प्लेट डाव्या तळव्यावर, दुसरी मनगटाच्या टेकूवर, बाकीच्या कोपरापर्यंत ओळीनं. खरकटं चमच्यानं एका प्लेटमध्ये लोटलं, चमचे एका दिशेनं लावले, रिकामे ग्लास बोटांत अडकवले, उरल्या हातानं टेबल पुसलं. चांगल्या कपड्यांवर थेंब पडला नाही. ज्याला शंका असेल त्यानं बोलावं, असं तिनं सगळ्यांकडे बघितलं. मॅनेजर एक पाऊल मागे सरला. चिमणी रडत होती.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"हो," आक्का म्हणाली. "हवं होतं."

लेकीकडे न बघता ती वळली आणि प्लेटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली.

आत भांडी घासणाऱ्यानं तिला नखशिखान्त बघितलं. "आज सुट्टी ना तुझी?" तो म्हणाला. तिनं प्लेटा ठेवल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. पोरीच्या संसाराचं आपण सुरू व्हायच्या आधीच वाटोळं केलं, हे तिला दिसत होतं. चिमणीला तसंच जाऊ दिलं असतं, तर आयुष्यभर कुठल्याच ताटाला हात लावता आला नसता, हेही दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्यावर उपाय नव्हता. मागच्या दारानं निघून जावं असं तिला फार वाटलं. पण पर्स खुर्चीला अडकवलेली होती, आणि लेक तिथं एकटी होती.

ती बाहेर आली. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं.

आक्का जागीच थांबली. पाचही खुर्च्या रिकाम्या. असं टेबल तिनं आयुष्यभर बघितलं होतं, पण ते उचलायला हात पुढे झाला नाही, असं कधी झालं नव्हतं. गेले. लेकीलाही घेऊन गेले, की लेकच त्यांच्या मागून समजूत घालायला धावली?

टेबलाजवळ चिमणी उभी होती. एप्रन अंगावर होता, गाठ पुन्हा बांधलेली. "साहेबांनी तक्रार मागे घेतली," ती कुजबुजली. "मॅनेजर म्हणाला, नेहमीचे आले की बघू. आक्का, इकडे ये आधी. मला हे टेबल वाचता येईना."

ग्लासखाली ती मोठी नोट परत ठेवलेली होती.

"नोट आहे, म्हणजे गेले," चिमणी म्हणाली. "पण खुर्च्या बघ ना."

आक्कानं खुर्च्या बघितल्या. विहीणबाईंच्या खुर्चीवर नॅपकिन होता, चौकोनी घडी घातलेला. मुलाच्या खुर्चीवर होता. लेकीच्या खुर्चीवर होता. व्याह्यांचा खुर्चीवर कसाबसा टाकलेला, अर्धा खाली लोंबत होता. तिनं मान वळवली. हॉलच्या त्या टोकाला, आइस्क्रीमच्या रांगेत, व्याही दोन्ही हातांत वाडगे घेऊन कोणाशी तरी मोठ्यानं हुज्जत घालत होते, आणि मुलाशेजारी उभी राहून लेक डोळे पुसत विहीणबाईंना चमचे देत होती.

"येणार आहेत," आक्का म्हणाली. "नोट तेवढी उचल. ती तुझीच आहे. बाकी कशाला हात लावू नकोस."

"आणि हा?" चिमणीनं बोट दाखवलं.

पाचवी खुर्ची आक्काची होती. सगळ्यांचेच नॅपकिन मघाशी प्लेटांबरोबर आत गेले होते. हे कोरे मागवून घेतलेले होते, आणि त्यातला एक कोणीतरी तिच्याही खुर्चीवर ठेवला होता.

आक्कानं तो उचलला, मांडीवर पसरला आणि खाली बसली.